पायात गुठळी होऊन गेल्यावर व्यायाम करताना कॉम्प्रेशनचे मोजे: घालायचे की काढायचे?

पायवाट

डाव्या पायात, गुडघ्यामागच्या खोल शिरेत गुठळी झाली होती. आता चौथा महिना. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. व्यायामाला डॉक्टरांची हरकत नाही. चिठ्ठीवर ‘गुडघ्याखालचे मोजे, क्लास २’ एवढंच लिहिलंय. संध्याकाळी घोट्यावर सूज येते, सकाळी उतरलेली असते.

घोळ आहे तो व्यायामाच्या वेळेचा. कुणी सांगतं, व्यायाम करतानाच घाला, तेव्हाच गरज असते. कुणी सांगतं, पोटरी काम करत असताना मोजा कशाला, बसताना आणि उभं राहताना घाला. भरभर चालणं, सायकल, जमेल तसं हळूहळू पळणं आणि थोडी वजनं असा बेत आहे. सायकलवर मोज्याची गुडघ्यामागे वळी पडते आणि तिथे लाल पट्टा उमटतो. दोन कंपन्यांच्या ‘क्लास २’वर दाबाचे आकडे वेगळे आहेत, ते कसे? आणि खेळाच्या दुकानातले कॉम्प्रेशन सॉक्स, किंवा नुसत्या पोटरीवर चढवायच्या बाह्या चालतील का? पोहताना काय करायचं?

शिरोरेखा

आधी हे वेगळं करून घ्या: नवी गुठळी होऊ नये म्हणून गोळी आहे, मोजा नाही. मोजा सूज, जडपणा, तटतटणं आवरतो. त्यामुळे ‘आज मोजा न घालता चाललो, आता गुठळी परत होईल’ ही धास्ती बाळगायचं कारण नाही. गोळी चुकली तर मात्र धास्ती घ्या.

आता पोटरी काम करत असताना मोजा कशाला, याचं उत्तर. माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो, कारण हृदयापर्यंतच्या रक्ताचा सगळा स्तंभ त्यावर उभा असतो. चालायला लागलं की दर पावलाला पोटरी खोल शिरा पिळते, रक्त वर जातं, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. निरोगी पायात थोड्याच पावलांत हा दाब ३० च्या खाली उतरतो. गुठळी होऊन गेलेल्या शिरेत दोन भानगडी राहू शकतात: वाट पूर्ण मोकळी झालेली नसते, किंवा झडपा चिकटून निकामी झालेल्या असतात. मग चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपत राहतं. व्यायामात पायाकडे येणारं रक्त कितीतरी वाढतं, परतीची वाट मात्र तेवढीच. म्हणून काही जणांना बसून असताना काही नाही, पण अर्धा तास चाललं की पाय भरून येतो. अशा पायाला व्यायामातच मोज्याचा उपयोग होतो. ज्याच्या शिरा चांगल्या उघडल्यात, झडपा शाबूत आहेत, त्याला चालताना मोज्याने काहीच फरक पडणार नाही. तुम्हाला सल्ला देणारे दोघेही बरोबर असू शकतात, पाय वेगवेगळे.

पुरावा काय सांगतो तेही सांगते, कारण जुनं आणि नवं ऐकून गोंधळ होतो. १९९७ आणि २००४ च्या दोन अभ्यासांत दोन वर्षं मोजे घालणाऱ्यांमध्ये गुठळीनंतरचा कायमचा त्रास (पायाची जुनी सूज, काळवंडलेली कातडी, जखमा) जवळपास निम्म्यावर आला. त्यावरून ‘दोन वर्षं मोजे’ हा नियम पडला. पण त्या अभ्यासांत तुलनेसाठी खोटा मोजा नव्हता. २०१४ साली ‘सॉक्स’ नावाच्या मोठ्या चाचणीत ८०० च्या वर रुग्ण होते. निम्म्यांना ३०–४० मिमीचा खरा मोजा दिला, निम्म्यांना दिसायला तसाच पण दाब नसलेला. दोन वर्षांनी दोन्हींत फरक नाही. यावर आक्षेपही आहे: शेवटी शेवटी निम्म्याहून थोडेच जास्त लोक मोजा नियमित घालत होते. २०१८ च्या ‘आयडियल’ चाचणीत लक्षणं ओसरली की मोजा थांबवला, आणि सरसकट दोन वर्षं घालणाऱ्यांपेक्षा त्यांचं काही वाईट झालं नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०२० मध्ये सरसकट सगळ्यांना मोजे देऊ नका असं सुचवलं, पण सूज आणि दुखण्यासाठी निवडक लोकांना उपयोग होतो हेही त्यातच आहे.

तुम्हाला संध्याकाळी सूज येते, म्हणजे तुम्ही त्या निवडक लोकांत बसता. घाला. पण ‘घातलाच पाहिजे’ म्हणून नाही, पायाला बरं वाटतं म्हणून.

एक अट मात्र आधी पुरी करा. पायाच्या धमन्या चांगल्या आहेत ना? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय दाबाचा मोजा नको, ०.५ च्या खाली तर नकोच. जुना मधुमेह, बरीच वर्षं सिगारेट, तळपायाची संवेदना कमी, ताब्यात नसलेलं हृदयाचं दुखणं, पायावर उघडी जखम किंवा जंतुसंसर्ग, यातलं काहीही असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

टेपमाप

‘क्लास’चं कोडं सोपं आहे: प्रत्येक देशाचा क्लास वेगळा. घोट्यापाशी मिळणारा दाब मिमी पाऱ्यात बघा:

जर्मन पद्धत: क्लास १ म्हणजे १८–२१, क्लास २ म्हणजे २३–३२, क्लास ३ म्हणजे ३४–४६.
ब्रिटिश पद्धत: १४–१७, १८–२४, २५–३५.
फ्रेंच पद्धत: १०–१५, १५–२०, २०–३६.

म्हणजे फ्रेंच क्लास २ आणि जर्मन क्लास २ यांत जवळपास दुपटीचा फरक पडू शकतो. अमेरिकन डब्यावर बहुधा थेट १५–२०, २०–३०, ३०–४० असं छापलेलं असतं, ते बरं. तुमच्या चिठ्ठीवर नुसता ‘क्लास २’ असेल तर डॉक्टरांना आकडा विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. गुठळीनंतरच्या सुजेला बहुधा २०–३० किंवा ३०–४० सांगतात. माझं मत असं की सुरुवात २०–३० ने करावी. ३०–४० चा मोजा रोज एकट्याने चढवणं हे दमछाक करणारं काम आहे आणि दुसऱ्या आठवड्यात तो कपाटात जातो.

पांढरे, पायाच्या बोटांजवळ भोक असलेले, दवाखान्यातून घरी येताना सोबत आलेले मोजे वापरू नका. ते अंथरुणावर पडून असलेल्या माणसासाठी असतात, घोट्यापाशी साधारण १८ मिमी. चालत्याफिरत्या पायाला ते पुरत नाहीत आणि गुंडाळी होऊन खाली येतात.

माप. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत. तीन आकडे: घोट्याच्या हाडांच्या वर, पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर, पोटरी सगळ्यात जाड असते तिथला घेर, आणि उभं राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची लांबी. टेप कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. बुटाच्या नंबरावरून मोजा घेणं हा साध्या सॉक्सचा हिशेब झाला. बुटाचा नंबर एकच असला तरी दोन माणसांच्या पोटऱ्यांत आठ सेंटीमीटरचा फरक असू शकतो. घेर दोन साइजच्या सीमेवर आला तर घोट्याचा आकडा प्रमाण माना, कारण दाब तिथे मोजलेला असतो. पोटरी त्या साइजमध्ये बसत नसेल तर ‘रुंद पोटरी’चा प्रकार मागा किंवा मापाने विणून घ्या. मोठी साइज घेऊन वेळ मारून नेली तर घोट्याला दाबच मिळत नाही, पोटरीला मात्र मिळतो. म्हणजे दाब नेमका उलटा: खाली कमी, वर जास्त. पाय फुगणार तो पाऊल आणि घोट्यापाशीच.

आता गुडघ्यामागची वळी. मोज्याची वरची कड गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली असायला हवी. तुमची बहुधा घडीत जातेय. दोन कारणं संभवतात. एक, मोजा लांब आहे. त्याच घेराचा आखूड प्रकार बहुतेक कंपन्यांत मिळतो, तो घ्या. दुसरं, आणि हेच जास्त वेळा असतं, कड धरून मोजा वर ओढला जातो. कापड जास्त ताणलं जातं, वर गेलेली कड थोड्या वेळाने सरकते, आणि पॅडल मारताना दर फेरीला गुडघा मोडतो तिथे घडी गोळा होते. मोजा वर उरला म्हणून कड दुमडून ठेवणं तर अजिबात नको. दुमडलं की त्या पट्ट्यात कापडाचे दोन थर, दाब जवळपास दुप्पट, आणि तोही सगळ्यात वर. ज्या रक्ताला वर जायचंय त्याच्या वाटेवर बांधलेली दोरीच ती.

लाल पट्टा मोजा काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मावळत असेल तर ठीक. बोट फिरवल्यावर खाच लागत असेल, कातडी सोलवटत असेल, फोड येत असेल तर तो मोजा त्या पायाचा नाही.

चढवायची रीत: मोजा टाचेपर्यंत उलटा करा, म्हणजे पावलाचा भाग आत खिशासारखा राहील. बोटं आणि पाऊल त्यात घाला, टाच बरोबर टाचेच्या जागी आली की नाही बघा. टाच फिरली तर वरचं सगळं फिरतं. मग उरलेलं कापड थोडं थोडं पायावरून वर उलटत आणा. भांडी घासायचे खरखरीत पंजाचे रबरी हातमोजे घाला आणि तळव्यांनी कापड खालून वर सारवत न्या, चिमटीत धरून ओढू नका. नखं लागली की तिथून जाळी सुटते. सुरकुती दिसली की तळव्याने सपाट करा. एक सुरकुती तासाभर पळताना ब्लेडसारखी लागते. पायाचं पुढचं टोक उघडं असलेला मोजा असेल तर गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पावलावर चढवून त्यावरून मोजा घाला आणि पुढच्या भोकातून पिशवी ओढून काढा. आंघोळीनंतर दहा मिनिटं थांबा, ओल्या पायावर मोजा सरकत नाही. मलम किंवा तेल रात्री लावा, सकाळी नाही. तेलकट मलमाने लवचिक धागा लवकर मरतो.

तिसरा_गिअर

वरच्या दोघांनी का आणि कसं सांगितलं, मी कधी ते सांगतो. तुमचा पाय कोणत्या गटातला आहे हे ठरवायला टेप पुरतो. एकच व्यायाम निवडा, समजा ४० मिनिटं भरभर चालणं, तोच रस्ता, तीच वेळ. एक दिवस मोजा घालून, एक दिवस न घालता, असं आलटून पालटून दोन आठवडे करा. दर वेळी दोन घेर मोजा: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी, आणि गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटीमीटर खाली पोटरीवर. बॉलपेनने ठिपका करून ठेवा, नाहीतर टेप रोज वेगळ्या जागी पडतो. मोजायचं तीनदा: आधी, लगेच नंतर, आणि तासाभराने. ‘लगेच नंतर’चा आकडा फसवा आहे. स्नायूत रक्त आलेलं असतं, त्यामुळे निरोगी पायाची पोटरीही थोडी वाढलेली दिसते. खरा आकडा तासाभराचा. तोपर्यंत आधीच्या मापावर आलं तर पाय स्वतःचं काम करतोय. घेराबरोबर जडपणाला ० ते १० पैकी गुण द्या, कारण कधीकधी टेप सारखाच असतो आणि पाय मात्र हलका वाटतो. तेही मोज्याच्या खात्यात जमा करायचं. मोज्याशिवायच्या दिवशी घेर आणि गुण दोन्ही ठीक असतील तर चालताना मोजा सोडा, दिवसभराच्या बैठकीला आणि उभं राहायच्या कामाला घाला.

व्यायामाप्रमाणे बोलायचं तर:

चालणं. यातच पोटरीचा पंप सगळ्यात चांगला चालतो, पण घोटा पूर्ण हलला तर. पाय आपटत, घोटा ताठ ठेवून चाललात तर पंप अर्धाच. टाच टेकून, चवड्याने ढकलून पाऊल टाका. घोटा आखडला असेल तर आधी तो मोकळा करा: भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं, आणि दोन्ही पायांवर टाचा उचलणं, १०–१५ वेळा, दोन-तीन फेऱ्या. टाचा उचलणं हा या दुखण्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित व्यायाम आहे.

सायकल. सीट खाली असेल तर जांघ आणि गुडघा दोन्ही जास्त मोडतात. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. तुमची वळी थोडी त्यानेही कमी होईल. जड गिअर दाबण्यापेक्षा हलका गिअर आणि जलद फेरे. पॅडलवर चवडा ठेवा, तळव्याचा मधला भाग नको, नाहीतर पोटरी फुकट बसून राहते. हेल्मेट सक्तीचं समजा. गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी थेट दवाखाना.

पळणं. तासभर चालून सूज वाढत नाही असं झाल्यावरच. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. आठवड्यात एकदाच काहीतरी वाढवा, एक तर वेळ किंवा वेग. मोजा घालून पळणार असाल तर बूट मोज्यासकट घालून बघून घ्या. जाड विणीचा मोजा पाऊल भरतो. बंद टोकाच्या मोज्याची शिवण नखाखाली येते आणि नख काळं पडतं. पळायला उघड्या टोकाचा मोजा आणि वरून पातळ सुती सॉक्स, ही जोडी बरी पडते.

वजनं. धोका वजनात नाही, श्वास कोंडण्यात आहे. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब वाढतो आणि पायांतून वर येणारं रक्त तेवढा वेळ अडतं. उचलताना श्वास सोडा. सुरुवातीला आरामात १२–१५ वेळा उचलता येईल एवढंच वजन. दोन सेटच्या मध्ये बाकावर बसून राहू नका, फेऱ्या मारा. गुडघे पूर्ण मोडून बराच वेळ थांबणारे प्रकार सध्या टाळा, तुमची गुठळी नेमकी गुडघ्यामागे होती. जिममध्ये उभ्या-उभ्या वेळ जातो, म्हणून मोजा सगळ्यात जास्त उपयोगी तिथेच.

पोहणं. मोजा काढून ठेवा. पाणी हाच मोजा आहे: दर सेंटीमीटर खोलीला साधारण पाऊण मिमी पारा. छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिलात की घोट्यावर पाण्याचा दाब ९० च्या आसपास, आणि वर येताना आपोआप कमी होत जाणारा. इतकी नेमकी उतरंड कुठलाही कारखाना विणू शकत नाही. आडवं पोहताना पाय खोल नसतात, पण तेव्हा रक्ताचा उभा स्तंभही नसतो, त्यामुळे हरकत नाही. क्लोरीनने लवचिक धागा खराब होतो हा वेगळा तोटा. बाहेर आल्यावर पाय नीट पुसून, दहा मिनिटांनी मोजा घाला. पाण्यातून एकदम बाहेर पडून उभं राहिलं की सूज झपकन येते. त्यानंतर गरम पाण्याच्या टबात किंवा सौनात बसणं टाळा, उष्णतेने शिरा सैलावतात.

शेवटची पाच-दहा मिनिटं वेग उतरवत न्या. पळता पळता एकदम थांबलं की पंप बंद आणि पायात आलेलं रक्त तिथेच. नंतर पाठीवर पडून, टाचा छातीच्या वर राहतील असे पाय ठेवून १५–२० मिनिटं. मोजा लगेच काढायची घाई नको. व्यायामानंतरच्या दोन-तीन तासांत बसून राहणार असाल तर खरं काम त्याला तेव्हाच असतं. घामाने भिजला असेल तर मात्र कोरडी जोडी घाला, ओल्या मोज्याखाली बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते.

पायवाट

खूपच उलगडा झाला, धन्यवाद. टेपचा प्रयोग सुरू करते. दोन गोष्टी राहिल्या. पोटरीच्या बाह्यांचं कुणी बोललं नाही. आणि ट्रेडमिलवर वीसेक मिनिटांनी बोटांना मुंग्या येतात, तो मोज्याचा दोष समजायचा की शिरांचा?

टेपमाप

बाह्या नकोत. पाऊल आणि घोटा मोकळा, पोटरी आवळलेली. सूज मग बाहीच्या खाली पावलात जमते. धावणाऱ्या निरोगी माणसाच्या पोटरीचा हादरा कमी करायला त्या आहेत. स्पोर्ट्स सॉक्सचं थोडं वेगळं: पाऊल झाकतात, पण घोट्यावर किती दाब आणि वर किती हे बऱ्याचशा डब्यांवर लिहिलेलंच नसतं, आणि साइज बुटाच्या नंबरावर. घोट्याच्या घेरावर साइज आणि मिमी पाऱ्यात आकडा असेल, शिवाय तो आकडा तुमच्या चिठ्ठीशी जुळत असेल, तर रंगीत असला म्हणून काही बिघडत नाही.

शिरोरेखा

मुंग्या येतात त्याच क्षणी थांबून आधी बुटाची नाडी सैल करा. दोन मिनिटांत गेल्या तर दोष नाडीचा. मोज्याने पाऊल थोडं जाड झालेलं असतं आणि आपण जुन्याच भोकापर्यंत आवळतो. नाही गेल्या तर बूट काढा, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबा आणि सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. उशीर लागत असेल, बोटं निळी-पांढरी किंवा थंडगार असतील तर मोजा लगेच काढा आणि धमन्यांची तपासणी होईपर्यंत घालू नका. रंग ठीक पण मुंग्या चालूच असतील तर पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे घोट्याचा बाक येतो, तिथे सुरकुती आहे का बघा. तारेसारखे ताठ स्नायुबंध तिथे वर असतात, कापड त्यांवर ताणून बसतं. तेवढ्या जागी मऊ पॅड ठेवून प्रश्न सुटतो. नडगीचं हाड आणि घोट्याची हाडं याही दाबाच्या जागा, कारण गोलाई जितकी बारीक तितका त्याच कापडाचा दाब जास्त.

दुखण्याचे दोन प्रकारही ओळखून ठेवा. चढावर किंवा वेगात मांडी-पोटरी फुटेल अशी तटतटते, थांबूनही पटकन जात नाही, पाय वर केले की हळूहळू जाते: हे शिरांचं दुखणं, वरच्या मोठ्या शिरेची वाट अरुंद राहिल्याचं लक्षण असू शकतं. हे असेल तर मोज्याचा नंबर वाढवत बसू नका, शिरांच्या डॉक्टरांना सांगा. दर वेळी ठराविक अंतरावर पोटरीत गोळा येतो आणि नुसतं उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जातो: हे धमन्यांचं, आणि त्यावर मोजा घालणं चुकीचं.

व्यायामानंतर त्या पायाची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा ३ सेंटीमीटरहून जास्त वाढली, आणि आधी असा फरक नव्हता, तर त्याच दिवशी दाखवा. एकदम दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, घेरी, यांत वाट बघायची नाही, तडक इमर्जन्सीत. अजून एक, मोजा घालणाऱ्यांच्या हे हमखास सुटतं: गोळी चालू असताना पोटरीत चमक भरून दुखायला लागलं तर मोजा काढून कातडी बघा. स्नायूत रक्त उतरलं असेल तर निळसर डाग आणि टणकपणा मोज्याखाली लपून राहतो. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. काय चालेल ते डॉक्टरांना विचारून घरात आणून ठेवा.

तिसरा_गिअर

मुंग्यांबद्दल एक भर. ट्रेडमिलच्या पुढच्या दांड्याला धरून चालत असाल तर ते सोडा. धरलं की अंग पुढे झुकतं, पावलं आखूड पडतात, चवड्यावर सगळा भार येतो आणि बोटं बधिर होतात. मोजा नसतानाही होतं हे.

पायवाट

धरते खरी! एक शेवटचं: मोजा फक्त डाव्या पायात की दोन्ही? आणि एक जोडी किती दिवस चालते?

टेपमाप

ज्या पायात गुठळी झाली त्याच पायात. दुसरा पाय सुजत नसेल तर त्याला आवळायचं कारण नाही. जोडीतला दुसरा मोजा ठेवून द्यायचा नाही, घोट्याचा आणि पोटरीचा घेर जुळत असेल तर तोच डाव्या पायाला आलटून पालटून वापरा; बहुतेक मोज्यांना डावा-उजवा नसतो. म्हणजे एक धुवायला, एक पायात. रोज धुवा, कारण घाम आणि मेलेली कातडी धाग्यात बसते, आणि धुतल्याने ताणलेला धागाही परत जागेवर येतो. कोमट पाणी, ३० ते ४० अंश, साधा सौम्य साबण. फॅब्रिक सॉफ्टनर नको, पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा वाळवा. उन्हात, हीटरवर, इस्त्रीखाली नाही. सहा महिन्यांनी बदला. रोज पळणाऱ्याचा त्याआधीही जातो. कडेच्या आतल्या बाजूला पहिल्या वापराची तारीख कपड्यावर लिहायच्या पेनने घालून ठेवा. पूर्वी घाम काढणारा मोजा सहज चढायला लागला तर तुमचा हात बसलाय असं समजू नका, धागा मेलाय. आणि नवा घेताना पुन्हा माप घ्या, सूज उतरलेल्या पायाची साइज बदललेली असते.

पळताना उजव्या पायात तेवढ्याच जाडीचा साधा सॉक्स घाला. दोन बुटांतली जागा सारखी भरली नाही तर एका पायाची टाच सरकते आणि फोड नेमका चांगल्या पायाला येतो.